दोघांची संमती असली तरी द्वंद्व गुन्हाच का?

कृष्णाकाठ

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हल्ली मुलांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकते: "दोघांनी ठरवून केली, मग केस कशी होईल?" भांडण वर्गात पेटतं, इन्स्टाग्रामवर वाढतं आणि शेवटी 'जागा सांग, वेळ सांग' इथपर्यंत येतं. अचानक झालेली हाणामारी हा गुन्हा, पण राजीखुशीने ठरवलेली मारामारी हा आपसातला मामला, अशी त्यांची पक्की समजूत आहे. वर पुरावा म्हणून एकाने व्हॉट्सअॅपवरचा मजकूर दाखवला की पॅराग्वे देशात दोघेही नोंदणीकृत रक्तदाते असतील तर द्वंद्व कायदेशीर आहे.

पॅराग्वेची ही गोष्ट निव्वळ थाप आहे. वर्षानुवर्षं ती 'माहीत आहे का?' छापाच्या याद्यांमधून फिरते आहे. पण शेजारच्या उरुग्वेची गोष्ट खरी आहे आणि ती जास्त अस्वस्थ करणारी आहे. 2 एप्रिल 1920 रोजी तिथले माजी राष्ट्राध्यक्ष होसे बाट्ये इ ओर्दोन्येस यांनी वॉशिंग्टन बेल्त्रान या तरुण खासदार-पत्रकाराला पिस्तुलाच्या द्वंद्वात ठार केलं. कारण काय, तर वर्तमानपत्रातला मजकूर. त्यानंतर त्याच वर्षी तिथल्या संसदेने द्वंद्वावर बंदी आणण्याऐवजी त्याला रीतसर वाट करून दिली. आधी प्रतिष्ठित माणसांच्या पंचमंडळापुढे जायचं, अपमान द्वंद्वाइतका गंभीर आहे असं त्यांनी ठरवलं की मग जे होईल त्याला शिक्षा नाही. हा कायदा 1992 मध्ये रद्द झाला. म्हणजे इथल्या बऱ्याच सभासदांच्या जन्मानंतर.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या संमतीमागे 'नाही म्हटलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही' ही भीती असते, तिला कायद्याने मोकळी संमती मानूच नये. पण मुलांशी बोलताना नुसतं मत पुरत नाही, त्यांना कलम लागतं. जाणकारांनी भारतीय कायदा नेमका काय म्हणतो ते सांगावं. इतर देशांतल्या सभासदांनी तिकडचंही लिहावं.

सनदी_वकील

चांगला विषय. मी फौजदारी बाजूला काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या फौजदारी कायद्यात द्वंद्वाचा वेगळा गुन्हा नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत नव्हता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. त्यामुळे नेहमीची कलमंच लावून बघायची.

पहिलं कलम 25 (जुनं 87). अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल आणि त्या कृतीत मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता असल्याची जाणीवही नसेल, तर झालेली इजा हा गुन्हा ठरत नाही. या कलमाखालचं उदाहरणच तलवारबाजीचं आहे. 'क' आणि 'य' करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात, नियमाने खेळताना 'य'ला लागतं, 'क'चा गुन्हा नाही. मुलं जे म्हणतात त्यातला खरा भाग एवढाच. हा आधार साध्या दुखापतीपर्यंत पुरतो. चाकू, कोयता, लोखंडी कडं किंवा दगड हातात आला की 'जबर दुखापत होईल असं वाटलं नव्हतं' हे कोर्टात टिकत नाही.

दुसरं, खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम 101 चा पाचवा अपवाद (जुनं 300). मेलेला माणूस अठरा वर्षांवरचा असेल आणि त्याने स्वतःच्या संमतीने मृत्यू किंवा मृत्यूचा धोका पत्करला असेल, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. लक्षात घ्या, आरोपी इथे निर्दोष सुटत नाही, गुन्हा फक्त एक पायरी खाली येतो. कलम 105 खाली हेतू सिद्ध झाला तर जन्मठेप किंवा किमान पाच आणि कमाल दहा वर्षं; हेतू नसून नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. ही किमान पाच वर्षांची अट जुन्या 304 मध्ये नव्हती, नव्या संहितेने ती घातली.

चौथा अपवाद अचानक उफाळलेल्या भांडणाचा आहे. तो ठरवून केलेल्या मारामारीला लागतच नाही, कारण 'पूर्वनियोजन नको' ही त्याची अटच आहे. म्हणजे मुलं ज्याला बचाव समजतात, ते ठरवून येणं, तेच त्यांच्याविरुद्ध जातं.

सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवली तर कलम 194 आहेच. शिक्षा किरकोळ आहे, एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पोलिसात नोंद होते, आणि पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पडताळणीत ती पुढे येऊ शकते.

लालमाती

वकीलसाहेबांनी तलवारबाजीचं उदाहरण दिलं, मी कुस्तीचं देतो. आमचं अर्धं घर कोल्हापुरातल्या तालमीत वाढलंय.

मैदानात जोड लागते तेव्हा दोघं आधी हात मिळवतात. लाल माती उचलून एकमेकांच्या अंगाखांद्यावर टाकतात, म्हणजे घामाने हात निसटत नाही. हलगी कडाडत असते. पंच दोघांच्या अगदी जवळ, वाकून, कधी गुडघ्यावर बसून नुसती मान आणि हात बघत असतो. मान चुकीची अडकली, हात उलटा वळायला लागला की तो लगेच सोडवतो, कुणाची पाठ टेकायची वाट बघत नाही. आणि वस्ताद आपल्या पोराची जोड वजन, वय, तयारी बघितल्याशिवाय लावतच नाही. तयार नसलेल्या पोराला 'आज नाही' म्हणायचा अधिकार वस्तादाचा, आणि तो शब्द मोडून पोरगं माती चढत नाही.

म्हणून मला 'कुस्ती चालते मग ठरवून मारामारी का नको' हा प्रश्नच पटत नाही. इकडे नाही म्हणणारा मोठा माणूस आहे. तिकडे सगळे मोबाईल घेऊन 'हाण, हाण' म्हणणारे. हरलेला पैलवान खाली उतरतो तेव्हा जिंकलेला त्याला मिठी मारतो, लोक दोघांच्याही हातात नोटा ठेवतात. हरल्याची लाज मनात असते, पण घरी जाता येतं.

मतभेद

मला वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती मी मनापासून मांडतो आहे.

सज्ञान माणसाचं शरीर त्याचं स्वतःचं आहे. मुष्टियुद्धात मेंदूला मार बसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते कायदेशीर आहे. आठ हजार मीटरच्या शिखरावर जाणारा माणूस मृत्यूचा धोका पत्करतो आणि आपण त्याचा सत्कार करतो. मग दोन पूर्ण शुद्धीतल्या प्रौढांनी साक्षीदारांसमोर, ठरलेल्या नियमांनी आपला वाद सोडवला तर राज्यसंस्थेने मध्ये का पडावं? अमेरिकेत टेक्सासच्या दंडसंहितेत गंभीर इजा नसेल तर संमती हा हल्ल्याच्या आरोपावर बचाव आहे. सिअॅटल शहराच्या नियमात सार्वजनिक जागची मारामारी गुन्हा ठरते ती तिसऱ्या माणसाला किंवा मालमत्तेला धोका असेल तेव्हा. 2012 मध्ये तिथे एक जोडी पोलिसांच्या डोळ्यांदेखत भिडली आणि पोलीस बघत उभे होते, त्याचं चित्रीकरण आहे. आकाश कोसळलं नाही.

अल्पवयीन मुलांचा प्रश्न वेगळा, तो मान्य. पण शीर्षकातला प्रश्न प्रौढांनाही लागू आहे.

गटिंगनहून

मतभेद, तुमच्या मुद्द्याला जर्मनीइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही आणि त्याची मर्यादाही इथेच दिसते.

इथल्या जुन्या विद्यार्थी संघटनांमध्ये 'मेन्सूर' अजून चालते. धारदार तलवारी, पण पाय जागचे हलवायचे नाहीत. गळ्याला, छातीला, हातांना जाड कवच. डोळ्यांवर लोखंडी जाळीचा चष्मा, नाकही झाकलेलं. गाल आणि डोकं उघडं. डॉक्टर हजर. यात कुणी जिंकत नाही, हरत नाही, फक्त मागे सरायचं नाही. गालावर राहिलेल्या व्रणाला 'श्मिस' म्हणतात. जुन्या पिढीतल्या न्यायाधीश-डॉक्टरांच्या फोटोंत तो सहज दिसतो. 1953 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी ठरवून, कवच घालून केलेली मेन्सूर शिक्षेला पात्र नाही. खऱ्या द्वंद्वाची कलमं त्या वेळी दंडसंहितेत होतीच. 1871 च्या संहितेने त्यासाठी किल्ल्यातल्या कैदेची 'सन्माननीय' शिक्षा ठेवली होती. चोराला तुरुंग आणि द्वंद्व करणाऱ्या सरदारपुत्राला किल्ला! ती कलमं 1969 च्या सुधारणेत गेली.

आता मर्यादा. जर्मन कायद्यात इजेला संमती चालते, पण कृत्य 'सदाचाराच्या विरुद्ध' असेल तर नाही. फुटबॉलच्या टोळ्या जंगलात, शेतात जागा ठरवून, समसमान माणसं घेऊन भिडतात. सगळे प्रौढ, सगळे राजी. 2013 मध्ये न्यायालयाने म्हटलं की गटागटाच्या अशा मारामारीत ती कुठवर चिघळेल यावर कुणाचा ताबा नसतो, म्हणून संमती असली तरी ती शारीरिक इजाच. 2015 च्या निकालात तर अशा मारामाऱ्यांसाठी जमणाऱ्या टोळीला गुन्हेगारी संघटना मानायलाही हरकत नाही असं ठरलं. म्हणजे नुसतं 'दोघे राजी' इथेही पुरत नाही. थांबवणारा कुणी आहे का, हे बघितलं जातं. लालमाती यांनी पंचाबद्दल लिहिलं तेच.

मांडवीकाठ

गोव्यासंबंधी एक भर. इथे 1961 पर्यंत पोर्तुगीज कायदा होता. 1886 च्या पोर्तुगीज दंडसंहितेत द्वंद्वाला स्वतंत्र विभाग होता. आव्हान देणं, ते स्वीकारायला भाग पाडणं हेसुद्धा त्यात येत होतं. त्याच काळात लिस्बनमध्ये राजकारणी उघडपणे तलवारी घेऊन भिडत होते. 1908 मध्ये आफोन्सो कोस्ता, जे पुढे पंतप्रधान झाले, एका काउंटशी लढले. कलम पुस्तकात आणि पुढारी मैदानात, अशी स्थिती. मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता आली आणि तो विभाग गेला.

ओसाकाकर

जपानमध्ये द्वंद्वाचा स्वतंत्र कायदा आहे, 1889 चा, आणि तो आजही लागू आहे. जेमतेम सहा कलमं.

आव्हान देणारा आणि ते स्वीकारणारा, दोघांनाही सहा महिने ते दोन वर्षं. प्रत्यक्ष लढलात तर दोन ते पाच वर्षं, कुणाला ओरखडा आला नाही तरीही. साक्षीला उभा राहणारा आणि जाणूनबुजून जागा देणारा, त्यांना एक महिना ते एक वर्ष. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाचवं कलम: आव्हान नाकारलं म्हणून कुणाची निंदा करणाऱ्यावर बदनामीचा गुन्हा.

या कायद्याच्या आदल्या वर्षी इनुकाई त्सुयोशी या पत्रकाराला लेखनावरून द्वंद्वाचं आव्हान आलं होतं. त्यांनी ते रानटीपणा म्हणून नाकारलं आणि त्यावर देशभर चर्चा झाली. हेच इनुकाई पुढे पंतप्रधान झाले.

आज पोलीस हा कायदा कुणाला लावतात माहीत आहे? कृष्णाकाठ यांनी वर्णन केलेल्या मुलांनाच. नदीकाठी, बागेत, 'एकास एक' ठरवून भिडणारी शाळकरी पोरं, टोळ्यांमधली पोरं. आणि बाजूला उभं राहून 'आता सुरू करा' म्हणणाराही उचलला जातो.

मतभेद, तुमच्या गिर्यारोहकाला कुणी बांगड्या पाठवत नाही. तो गेला नाही तर कॉलनीत त्याची टर उडत नाही. तिथली संमती आणि इथली संमती एका तराजूत घालता येणार नाही. जपानी कायदा करणाऱ्यांना 1889 मध्येच हे उमगलं होतं, म्हणून त्यांनी टर उडवणाऱ्यालाही कायद्यात ओढलं.

मतभेद

पाचवं कलम मला ठाऊक नव्हतं, ते उत्तम आहे. पण त्यातून माझाच मुद्दा निघतो असं मी म्हणेन. दोष दबाव आणणाऱ्याचा असेल तर शिक्षा त्याला करा. दबाव नसताना लढलेल्या दोघांना दोन ते पाच वर्षं कशासाठी?

जुनीपानं

दबाव नसताना लढलेले दोघे इतिहासात शोधून दाखवा, एवढंच म्हणेन.

इंग्लंडचं बघा. तिथे द्वंद्वात माणूस मारणं हा खूनच, हे कायद्याने कधीच संशयात नव्हतं. तरी उच्चभ्रू लढत राहिले आणि सुटत राहिले. 12 सप्टेंबर 1840 रोजी विंबल्डनच्या माळावर लॉर्ड कार्डिगन यांनी कॅप्टन टकेट यांना गोळी घातली. माळावरची पवनचक्की चालवणारा गावचा कॉन्स्टेबलही होता. त्याने जागेवरच पकडलं. टकेट वाचले, पण खटला उभा राहिला आणि उमराव म्हणून तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. आरोपपत्रात जखमीचं नाव 'हार्वी गार्नेट फिप्स टकेट'. पुराव्यात आलेल्या भेटकार्डावर 'कॅप्टन हार्वी टकेट'. बचावाने म्हटलं, हे दोन्ही एकच गृहस्थ हे सरकारने सिद्ध केलेलं नाही. झालं. एकामागून एक उमराव उठले, छातीवर हात ठेवून 'माझ्या प्रतिष्ठेला स्मरून, निर्दोष' म्हणाले आणि बसले. एकाच ड्यूकने 'कायद्याच्या दृष्टीने निर्दोष' असा शब्द घातला. ज्या प्रतिष्ठेपायी गोळी चालली तिचीच शपथ घेऊन गोळी चालवणारा सुटला, याची मला आजही चीड येते.

मग थांबलं कशाने? 1843 मध्ये एक कर्नल आपल्याच साडूच्या गोळीने मेला आणि लोक खवळले. 1844 मध्ये लष्कराचे नियम बदलले. लढणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी जाणार, आणि चूक झाली असेल तर माफी मागणं व समोरच्याने ती स्वीकारणं हेच सन्माननीय माणसाला शोभतं, असं नियमातच लिहिलं. माफी मागणाऱ्याला भेकड म्हणता येईना. काही वर्षांत प्रथा विझली.

आपल्याकडे कोलकात्याला अलीपूरमध्ये 'ड्युएल अॅव्हेन्यू' नावाचा रस्ता आहे. 17 ऑगस्ट 1780 ला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्यांच्याच कौन्सिलचे सभासद फिलिप फ्रान्सिस तिथे पिस्तुलं घेऊन उभे राहिले होते. फ्रान्सिस जखमी झाले. हेस्टिंग्जवर पुढे महाभियोग चालला, पण द्वंद्वाबद्दल नव्हे.

टोरांटोकर

कॅनडाने 2018 मध्ये द्वंद्वाचं कलम दंडसंहितेतून काढलं तेव्हा 'आता द्वंद्व कायदेशीर' अशा बातम्या फिरल्या होत्या. तसं काही नाही. त्या कलमात आव्हान देण्या-घेण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. हल्ला आणि मनुष्यवधाची कलमं जशीच्या तशी आहेत, म्हणून वेगळं कलम निरुपयोगी ठरवून काढलं. इटलीनेही 1999 मध्ये असंच केलं. उलट फिलिपाइन्सच्या संहितेत द्वंद्वाची कलमं अजून जिवंत आहेत.

सनदी_वकील

मतभेद यांच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. दबाव होता की नव्हता हे कोर्टाने कसं ओळखायचं?

आपल्या कायद्यात यासाठी एक जागा आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. कलम 28 (जुनं 90) म्हणतं, 'क्षती'च्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, मात्र समोरच्याला ती भीती ठाऊक असली पाहिजे. आणि 'क्षती'ची व्याख्या कलम 2 मध्ये आहे: शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेला अपाय. लौकिक! म्हणजे 'नाही आलास तर तुझा व्हिडिओ टाकतो, शहरात फिरू देणार नाही' अशी धमकी देऊन मिळवलेला होकार कायद्याच्या दृष्टीने होकारच नाही, असा युक्तिवाद इथे नीट बसतो. मग पाचवा अपवादही आरोपीच्या हातून निसटतो. असा युक्तिवाद करायची वेळ आली तर मी तो नक्की करेन.

शिवाय न्यायालयांनी हा अपवाद पहिल्यापासून हात आखडूनच वापरला आहे. दोन सशस्त्र गट ठरवून भिडले म्हणजे प्रत्येकाने मरणाला संमती दिली, असं सरसकट धरता येणार नाही, असं कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1891 मध्येच नयामुद्दीन प्रकरणात म्हटलं आहे. नेमक्या कुठल्या कृतीला आणि कुणाच्या हातून, हे बघावं लागतं.  दंड संहितेचा पहिला मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या 1837 च्या टिपणात अशा संमतीचं एक उदाहरण आहे ते लुटारूंच्या हाती पडू नये म्हणून घरातल्या बायकांनी विनवल्यावर त्यांना मारणाऱ्या माणसाचं. अशा माणसाला खुनी म्हणू नये, यासाठी ही सवलत.

प्रौढांनी कवच घालून, पंच ठेवून, जबर दुखापतीचा हेतू नसताना खेळावं, त्याला कलम 25 मोकळीक देतंच. मतभेद यांना हवं ते बरंचसं कायद्यात आहे. जे नाही ते म्हणजे एकमेकांना मारून टाकायचा परवाना, आणि तो नसावा असंच माझं मत आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. ओसाकाकर यांनी सांगितलेलं पाचवं कलम मी उद्याच वर्गात वाचून दाखवणार आहे.

वकीलसाहेब, दोन नेमके प्रश्न. माझी मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत. त्यांच्या संमतीला काय किंमत? आणि जो नुसता चित्रीकरण करत उभा असतो त्याचं काय?

सनदी_वकील

नुसतं हजर असणं हा गुन्हा नाही. पण त्याने जागा ठरवली, निरोप पोचवले, हत्यार आणून दिलं किंवा 'सोडू नको' म्हणून चिथावलं, तर कलम 45 ची अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत, लागते. चिथावणारा प्रत्यक्ष हजर असेल तर कलम 54 खाली तो मुख्य गुन्हेगाराइतकाच जबाबदार. सगळे मिळून ठरवून आले असतील तर सामाईक इरादा, कलम 3(5). त्याच्या मोबाईलमधला व्हिडिओ सरकारी पक्षाचा पुरावा होतो, आणि त्यात पाठीमागून येणारा त्याचा स्वतःचा आवाजही त्यातच असतो.

संमतीबद्दल: कलम 25 आणि पाचवा अपवाद, दोन्हींत अठरा वर्षांची अट आहे. सतरा वर्षांच्या मुलाचा होकार इथे शून्य. त्याला साधं लागलं तरी 'तो राजी होता' हा बचाव नाही. आणि तो मेला, जखम जीव घेण्याजोगी होती, तर पाचव्या अपवादाचा आधार नसल्याने प्रकरण खुनाच्या कलमात जातं. मारणाराही सोळा ते अठरा मधला असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं कलम 15 समोर येतं. किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा 'अतिगंभीर' धरतात. खून त्यात बसतो, किमान पाच वर्षांचा सदोष मनुष्यवध बसत नाही. अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्याय मंडळ त्या मुलाची समज आणि मानसिक तयारी तपासतं आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. म्हणजे समोरचा मुलगा अठरा पूर्ण आहे की दोन महिने कमी आहे, यावर दुसऱ्याचं पुढचं आयुष्य ठरू शकतं, आणि 'जागा सांग' लिहिताना दोघांपैकी कुणीही समोरच्याची जन्मतारीख विचारलेली नसते.

वर्गात बोलवायचं असेल तर मी येईन. व्यक्तिगत निरोप करा.